उघड्यावरच्या दारूचा अड्डा मोडायचा असेल तर आधी जागा हाती घ्या

पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातील एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे. त्यांच्या संस्थेशेजारी महापालिकेचा मोकळा भूखंड आहे आणि चौकात वाइन शॉप आहे. संध्याकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत त्या भूखंडावर दुचाक्या लावून टोळकी दारू पीत बसतात, शिवीगाळ करतात, भिंतीलगत लघवी करतात आणि बाटल्या फोडून जातात. महिलांनी संध्याकाळचे फिरणे बंद केले आहे आणि मुले क्लासहून परतताना लांबच्या रस्त्याने येतात. पोलिसांना अनेकदा कळवले, गाडी येते, मंडळी पांगतात आणि अर्ध्या तासात परत जमतात. आता काही तरुण रहिवासी ‘आपणच एकदा बघून घेऊ’ असे म्हणू लागले आहेत. कायदेशीर मार्ग कोणते, दुकान बंद करता येईल का आणि खाजगी सुरक्षारक्षक नेमावेत का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

नागरिक समित्या, पोलीस ठाणी आणि महापालिकेची क्षेत्रीय कार्यालये यांच्यामध्ये माझे बरेच आयुष्य गेले आहे. त्या अनुभवावरून सांगते की ‘गाडी येते, पांगतात, परत येतात’ या आपल्या तक्रारीतच उत्तराची दिशा आहे. पोलिसांची गाडी माणसांना हलवते. जागा मात्र तशीच राहते. बसायला कठडा, आडोशाला अंधार, हाताशी दारू, पाणी, ग्लास आणि चकणा, आणि विचारणारे कोणी नाही, एवढ्या गोष्टी एके ठिकाणी जमल्या की अड्डा तयार होतो. त्यातल्या दोन-तीन गोष्टी काढून घेतल्या की तीच मंडळी त्या जागी बसत नाहीत. म्हणून माणसांच्या मागे लागण्याआधी जागा ताब्यात घ्यावी, आणि माणसांकडे वळाल तेव्हा सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये, असे माझे मत आहे. पुढचे सारे विवेचन याच मताचा विस्तार आहे.

पहिले काम पाहणीचे आहे आणि ते सकाळी करायचे आहे. संस्थेतील तिघा-चौघांनी, शक्य असेल तर सफाई कर्मचाऱ्याला सोबत घेऊन, उजेडात तो भूखंड पायी पाहावा आणि रात्रीचा कचरा नीट वाचावा, कारण कचरा फार बोलका असतो. देशी दारूच्या बाटल्या, पाण्याचे पाउच आणि शेंगदाण्यांच्या पुड्या जास्त असतील तर बसणारे बहुधा रोजंदारीवरचे कामगार असतात. बिअरचे कॅन, सिगारेटची पाकिटे आणि कागदाच्या सुरळ्या दिसल्या तर तरुण मुलांचे टोळके असते आणि त्यात कदाचित गांजाही असतो. एकाच रंगाचे प्लॅस्टिकचे ग्लास सगळीकडे पडलेले असतील तर ते जवळच्या एखाद्या गाडीवरून किंवा टपरीवरून मिळत आहेत, असे समजावे. बाटलीचे लेबलही पाहावे. महाराष्ट्रात विकायच्या मद्यावर ‘फक्त महाराष्ट्र राज्यात विक्रीसाठी’ अशा अर्थाचा मजकूर छापलेला असतो. त्याऐवजी गोवा किंवा दमणचा उल्लेख आढळला तर ते परराज्यातले, कर चुकवून आणलेले मद्य असण्याची दाट शक्यता असते. अशा बाटलीचा फोटो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे पाठवला तर ती तक्रार निव्वळ उपद्रवाची राहत नाही. महसूल बुडवल्याची होते आणि तिची दखल वेगळ्या तत्परतेने घेतली जाते.

त्याच वेळी एक साधी वही सुरू करावी. तारीख, वार, वेळ, अंदाजे किती जण, नेमक्या कुठल्या कोपऱ्यात, काय घडले, कोणी कोणाला फोन केला आणि पुढे काय झाले, एवढेच रकाने पुरेत. नोंदी दोन-तीन वेगवेगळ्या घरांतून, खिडकीतूनच कराव्यात. महिनाभर वही चालवली की आपल्यालाच आश्चर्य वाटेल असे चित्र दिसू लागते. ‘रोज सात ते अकरा’ वाटणारा त्रास पगाराच्या आठवड्यात आणि गुरुवारी दाटलेला असतो, कारण आपल्याकडच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. त्यातही खरी हुल्लडबाजी साडेनऊनंतरची असते. त्याआधी येणारे बरेच जण गुपचूप पिऊन निघून जातात. पोलीस ठाण्यात गेल्यावर ‘रोजच त्रास आहे’ या वाक्याने बीट अंमलदाराच्या हाती काहीच लागत नाही. ‘गुरुवार आणि शनिवार, साडेनऊ ते साडेदहा, पाण्याच्या टाकीमागचा कोपरा’ असे सांगितले तर तो गस्तीची वेळ त्याप्रमाणे बदलू शकतो.

वहीतून दुसरी गोष्ट उलगडते ती माणसांची. अशा जागी बसणारे सगळे एका जातकुळीचे नसतात, आणि हे न ओळखता केलेली कारवाई वाया जाते. एक मोठा गट परगावाहून आलेल्या कामगारांचा असतो. एका खोलीत सहा-सात जण पाळीपाळीने झोपतात, खोलीमालकाने दारूला बंदी केलेली असते, परमिट रूमचे दर परवडत नाहीत. मग दुकानातून बाटली घेऊन जवळच्या अंधारात ती संपवणे हा त्यांचा परिपाठ होतो. हे कायद्याने चूकच आहे आणि त्याचा आपल्याला त्रासही होतो, पण ही माणसे भांडणाला आलेली नसतात. त्यांच्या मुकादमाशी किंवा खोलीमालकाशी शांतपणे बोलल्याने जेवढा फरक पडतो तेवढा अनेक छाप्यांनी पडत नाही. दुसरा गट आसपासच्याच वसाहतींतील तरुणांचा असतो, आणि हे मान्य करायला संस्थांना जड जाते. या मुलांना ओळख उघड होण्याची भीती असते. म्हणून उजेड, वर्दळ आणि घरच्यांच्या कानावर घातलेला एखादा शब्द त्यांना पुरतो. तिसरा गट व्यसनाधीन झालेल्यांचा. ते दिवसाही तिथेच दिसतात, पडलेले असतात, कधी पैसे मागतात. त्यांच्याविषयी पुढे वेगळे लिहिते, कारण पोलिसी उपाय त्यांना लागूच पडत नाहीत. चौथा गट लहान असतो पण सगळी दहशत त्याचीच असते: परिसरात ‘दादा’ म्हणून मिरवणारे, महिलांना उद्देशून बोलणारे, हटकणाऱ्याला धमकावणारे, कधी स्वतःच दारू किंवा गांजा पुरवणारे. पोलिसांची सारी ताकद या चौथ्या गटावर एकवटावी, असा आग्रह धरा. पहिल्या गटातील दहा मजुरांना उचलून नेल्याचा आकडा कागदावर चांगला दिसतो, पण त्याने आपल्या लेकी-सुनांची वाट मोकळी होत नाही.

आता जागेकडे येऊ, कारण सर्वांत लवकर फळ तिथेच मिळते. भूखंड महापालिकेचा असल्यामुळे तक्रारी क्षेत्रीय कार्यालयाकडे जातील. पण ‘योग्य ती कारवाई करावी’ असा एकच अर्ज न देता प्रत्येक खात्याला त्याच्या कामापुरता वेगळा अर्ज द्यावा, असे मी आवर्जून सुचवते. विद्युत विभागाला खांबाचा क्रमांक लिहून बंद दिव्याची तक्रार. उद्यान विभागाला वाढलेले गवत आणि खाली झुकलेल्या फांद्या छाटण्याची विनंती. आरोग्य विभागाला काचा आणि कचरा रोज सकाळी उचलण्याची मागणी. अतिक्रमण विभागाला महिनोन्महिने उभ्या असलेल्या बेवारस गाड्यांची माहिती. बेवारस टेम्पोचा आडोसा हे अशा बैठकांचे आवडते ठिकाण असते. टेम्पो हलला की बैठक मोडल्याचे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. दिव्यांच्या बाबतीत एक सूचना आहे. उंच हायमास्ट लावण्याचा मोह होतो, पण त्याचा प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर पडतो आणि खाली दाट सावल्या तयार होतात. कमी उंचीचे, जवळजवळ लावलेले दिवे चेहरा दिसेल इतका उजेड देतात, आणि चेहरा दिसणे हेच इथे महत्त्वाचे आहे.

पालिका निधी नसल्याचे कारण देईल. त्याला जुने आणि भक्कम उत्तर उपलब्ध आहे. मध्य प्रदेशातील रतलाम शहरात उघडी गटारे, घाण आणि एका मद्यार्क कारखान्यातून रस्त्यावर येणारे दुर्गंधीयुक्त पाणी यांनी त्रासलेल्या रहिवाशांनी दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रवाची तक्रार केली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकाल देताना पैशांची अडचण सांगून नगरपालिकेला आपले कायदेशीर कर्तव्य टाळता येणार नाही, हे स्पष्ट केले. त्या वेळी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133 वापरले गेले होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याच्या जागी कलम 152 आहे. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे या कलमाखाली अर्ज करण्याचा मार्ग आजही खुला आहे, आणि असा अर्ज तयार आहे हे पालिकेला नम्रपणे कळवले तरी कित्येकदा दिवे लागतात.

जागा स्वच्छ आणि उजळ झाली तरी ती रिकामी राहिली तर पुन्हा भरणारच. सात ते नऊ या वेळेत तिथे आपली माणसे असणे हा सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय आहे. ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक, महिला मंडळाचे भजन, मुलांचा बॅडमिंटनचा सराव, योगवर्ग, यांपैकी काहीही चालेल, पण ते ठरलेल्या दिवशी न चुकता व्हायला हवे. कार्यक्रमाचा उत्साह पहिल्या पंधरवड्यात ओसंडतो आणि पुढे आटतो, म्हणून आठवड्यातील दोन-तीन दिवसच घ्यावेत आणि ते वहीत दिसलेले त्रासाचे दिवस असावेत. काही संस्था बसण्याची बाकेच काढून टाकण्याची मागणी करतात. त्याला माझा ठाम विरोध आहे. बाक काढल्याने दारू पिणारा दुचाकीवर बसून पितो. गुडघे दुखणाऱ्या आजी मात्र घरात अडकतात.

वाइन शॉप आणि त्याभोवतीच्या गाड्या यांविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण तिथे नागरिकांच्या हाती असलेली साधने फारशी कोणाला माहीत नसतात. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 आणि त्याखालील नियमांनुसार वाइन शॉपला सीलबंद बाटली विकण्याचा परवाना असतो, दुकानात किंवा त्याच्या आवारात पाजण्याचा नसतो. दुकानाच्या पायरीवर, बाजूच्या बोळात किंवा काउंटरसमोर ग्राहक पीत असतील तर तो परवान्याच्या अटींचा भंग आहे, आणि त्याची तक्रार पोलिसांऐवजी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांकडे फोटो व तारखांसह करावी. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार याच अधिनियमाच्या कलम 54 खाली आहे, म्हणून दुकानदाराला नियमभंगाच्या नोंदीची खरी धास्ती असते. माझा अनुभव असा की थेट तक्रार करण्यापूर्वी दुकानदाराला एकदा भेटावे, वही दाखवावी आणि दुकानासमोर दिवा, कचऱ्याचा डबा व ‘येथे मद्यपान करू नये’ असा फलक लावण्याची, तसेच गर्दीच्या वेळी एक माणूस बाहेर उभा करण्याची लेखी विनंती करावी. बरेच दुकानदार ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीला त्या पत्राची पोच जोडली की तिचे वजन वाढते.

दुकानाबाहेरची चकण्याची गाडी हा साखळीतील नाजूक दुवा आहे. उकडलेली अंडी, चणे, भुर्जी विकणे हा गुन्हा नाही, आणि परवानाधारक फेरीवाल्यांना 2014 च्या पथविक्रेता कायद्याचे संरक्षणही आहे. पण ग्राहकाला ग्लास आणि पाणी देऊन गाडीच्या आडोशाला पिऊ देणे म्हणजे पिण्याची जागा चालवणे होते. त्यासाठी दारूबंदी अधिनियमाचे कलम 68 आहे, आणि अशा जागी पिताना सापडलेल्यांसाठी कलम 84 आहे. जागा चालवणाऱ्याला होणारी शिक्षा पिणाऱ्याच्या शिक्षेपेक्षा बरीच जड आहे. तरीसुद्धा गाडी उचलून न्यावी अशी मागणी करण्याची घाई करू नये. त्या गाडीवर एखादे कुटुंब चालत असते. गाडीवाल्याला सरळ सांगावे की अंडी विका, ग्लास देऊ नका, साडेनऊनंतर गाडी उजेडातल्या बाजूला घ्या. ग्लास मिळेनासे झाले की निम्मी गर्दी आपोआप पुढे सरकते.

दुकान बंद करता येईल का, या प्रश्नाचे उत्तर ‘होय, पण तो लांबचा पल्ला आहे’ असे आहे. राज्य शासनाच्या 25 मार्च 2008 च्या आदेशानुसार गावातील किंवा नगरपालिका-महापालिकेच्या प्रभागातील 25 टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी तितक्यांनी, सह्यांचे निवेदन दिले तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली (दुकान सुरू राहावे) आणि आडवी बाटली (दुकान बंद व्हावे) अशी चिन्हे असतात. या आदेशातली अवघड अट अशी की आडव्या बाटलीला झालेल्या मतांचे प्रमाण मतदान करणाऱ्यांमध्ये मोजले जात नव्हते. यादीतील एकूण महिला मतदारांच्या किंवा एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागत. घरी राहिलेली प्रत्येक बाई त्यामुळे उभ्या बाटलीच्याच बाजूने मोजली जाई, आणि सह्या भरभरून मिळूनही मतदानाच्या दिवशी मोहीम हरण्याचे हेच मुख्य कारण ठरत आले. मार्च 2025 मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी विधानसभेत या धोरणात बदल जाहीर केले, त्यात गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवे दुकान सुरू करण्यापूर्वी त्या संस्थेचे ना-हरकत पत्र घेण्याची अटही आहे. म्हणून सह्यांना हात घालण्याआधी अधीक्षक कार्यालयातून सध्या लागू असलेल्या आदेशाची प्रत मिळवावी आणि त्यातील टक्केवारी पाहूनच मोहीम आखावी. आपल्या प्रकरणात मात्र मी या मार्गाने सुरुवात करणार नाही. प्रभाग मोठा, मतदार विखुरलेले आणि दुकानाचा त्रास फक्त चौकापुरता, अशा स्थितीत सारी शक्ती मतदानात खर्च होते आणि भूखंड तसाच राहतो.

पोलिसांकडे जाताना तक्रारीची भाषा निर्णायक ठरते. ‘आमच्या परिसरात मद्यपींचा सुळसुळाट झाला असून नागरिक भयभीत आहेत, तरी योग्य ती कारवाई व्हावी’ असे पत्र फाइलमध्ये जाते. त्याऐवजी असे लिहावे: ‘अमुक तारखेला रात्री 9.50 वाजता पाण्याच्या टाकीमागे सहा जण मद्यपान करीत होते. मी मुलीसह जात असताना त्यांपैकी लाल रंगाच्या दुचाकीवर बसलेल्याने माझ्या मुलीला उद्देशून पुढील शब्द उच्चारले.’ आणि ते शब्द, कितीही ओंगळ असले तरी, जसेच्या तसे लिहावेत. सोबत दुचाकीचा क्रमांक द्यावा. पहिल्या पत्रात गुन्हा शोधावा लागतो, दुसऱ्यात तो समोर उभा असतो. स्त्रीच्या विनयाला धक्का पोहोचवणारे शब्द किंवा हावभाव यांसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 79 आहे, सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्यांसाठी आणि बोलण्यासाठी कलम 296 आहे, आणि हे दोन्ही दखलपात्र गुन्हे आहेत. नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करण्याबद्दलचे कलम 355 सौम्य आहे: 24 तासांपर्यंत साधी कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. म्हणून पोलीस व्यवहारात दारूबंदी अधिनियमाचे कलम 85 किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची कलमे 110 आणि 117 वापरतात. आपल्याला कलमे पाठ करण्याची गरज नाही, पण घटना नेमकी लिहिली की अंमलदाराला कलम निवडता येते.

घटना घडत असताना फोन 112 वरच करावा. ओळखीच्या हवालदाराला केलेल्या फोनने गाडी कदाचित लवकर येईल, पण त्याची कुठेही नोंद राहत नाही आणि वरिष्ठांच्या दृष्टीने आपल्या भागात काही घडलेलेच नसते. 112 च्या प्रत्येक कॉलची नोंद होते. दोन-तीन महिन्यांनी त्या जागेवरून किती कॉल आले आणि त्यांवर काय कारवाई झाली, हे माहिती अधिकारात विचारता येते आणि 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे. ते उत्तर आणि आपली वही शेजारी ठेवून पोलीस निरीक्षकांना भेटावे, आणि तेही शिष्टमंडळ नेऊन, घोषणा देत नव्हे. तिघे-चौघे पुरेत, त्यांत दोन महिला असाव्यात. मागण्या मोजक्या ठेवाव्यात. अनेक शहरांत गस्तीच्या जागी क्यूआर कोड लावलेले असतात आणि बीट मार्शलला तिथे जाऊन तो स्कॅन करावा लागतो. असा एक कोड त्या भूखंडाच्या कोपऱ्यावर लावून घ्यावा. चौथ्या गटातील ठरावीक व्यक्तींवर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 किंवा 129 खाली प्रतिबंधक कारवाई, आणि बेकायदा दारू विकणारा कोणी असेल तर दारूबंदी अधिनियमाच्या कलम 93 खाली चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र, यांची विनंती करावी. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत हे अधिकार सहायक पोलीस आयुक्तांकडे असतात, त्यामुळे निवेदनाची प्रत त्यांना द्यावी. बंधपत्र दिलेल्या माणसाने पुन्हा तोच प्रकार केला तर रक्कम जप्त होते. हा माणूस एकदा बंधनात आला की त्याच्याभोवती जमणारेही विरळ होतात. सराईतांसाठी तडीपारीची तरतूद आहे, पण तिथपर्यंत जाण्यासाठी आधीच्या नोंदी लागतात. त्या नोंदी आपल्या तक्रारींतूनच तयार होतात.

आता त्या तरुणांविषयी, जे स्वतः बघून घेण्याची भाषा करीत आहेत. त्यांचा संताप मला समजतो. आईला किंवा बहिणीला कोणी काही बोलले तर रक्त तापणारच. पण काठ्या घेऊन गेलेला जमाव कायद्याच्या दृष्टीने बेकायदेशीर जमाव असतो, आणि दुखापत झाली तर आरोपी म्हणून आपल्याच मुलांची नावे लागतात. पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी होते तेव्हा तो गुन्हा समोर उभा राहतो. समोरच्याच्या खिशात काय आहे हे आपल्याला माहीत नसते, ही गोष्ट वेगळीच. चित्रीकरणाबाबतही सावध राहावे. खिडकीतून काढलेला व्हिडिओ पोलिसांना पुरावा म्हणून द्यावा. तो व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरवू नये. त्यात एखादे अल्पवयीन मूल असेल तर त्याची ओळख उघड करणे हाच बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 खाली गुन्हा ठरतो. आणि अल्पवयीन मुले तिथे दारू पिताना दिसत असतील तर तक्रारीचा रोख मुलांवर न ठेवता दारू देणाऱ्यावर ठेवावा. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय 21 आणि कडक मद्यासाठी 25 आहे. मुलाला मादक पेय देणाऱ्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या तरुणांच्या उत्साहाला वाट द्यायची असेल तर त्यांना वही, माहिती अधिकाराचे अर्ज आणि संध्याकाळचा बॅडमिंटन सराव सोपवावा.

व्यसनाधीन व्यक्तींचा प्रश्न मी मुद्दाम शेवटच्या भागासाठी ठेवला, कारण तो सर्वांत दुर्लक्षित आहे. दिवसाढवळ्या कट्ट्यावर पडलेला माणूस बहुतेक वेळा याच परिसरातला असतो. कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी मुलगा. त्याला हाकलून, पाणी ओतून किंवा कोठडीत बसवून काहीही साध्य होत नाही. एक वैद्यकीय धोका सर्वांनी लक्षात ठेवावा: वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर एक-दोन दिवसांत हात थरथरणे, भास होणे, झटके येणे असे प्रकार होतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून ‘त्याला कोंडून ठेवा, सुटेल’ हा सल्ला धोकादायक आहे. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागात हे उपचार मिळतात, पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करीत आहे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठीतून चालणाऱ्या सभा अनेक शहरांत विनामूल्य असतात, आणि 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे. संस्थेतील एखाद्या समंजस व्यक्तीने त्या माणसाच्या घरी जाऊन पत्नीशी किंवा आईशी बोलावे, पण सकाळी, तो शुद्धीवर असताना. घरच्यांना बहुधा शरमेने कोणाला विचारता आलेले नसते. कोणीतरी दार वाजवले याचाच त्यांना आधार वाटतो.

या सगळ्याला वेळ किती लागेल, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. दिवे, गवत, काचा आणि बेवारस गाड्या यांचा फरक पहिल्या दोन महिन्यांत दिसतो. त्यानंतर एक टप्पा असा येतो की आपला भूखंड मोकळा होतो आणि दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या वसाहतीतून तक्रारी सुरू होतात. इथे बऱ्याच संस्था समाधान मानून थांबतात आणि सहा महिन्यांत तोच अड्डा परत येतो, कारण पुढच्या वसाहतीनेही त्यांना हाकललेले असते. म्हणून पहिल्याच बैठकीला आजूबाजूच्या चार-पाच संस्थांना आणि शेजारच्या वस्तीतील मंडळांनाही बोलवावे. वस्तीला वगळून फक्त इमारतींनी केलेला बंदोबस्त मला कधी टिकलेला दिसला नाही. दारूचा त्रास वस्तीतील बायकांना आपल्यापेक्षा जास्त आणि अधिक जवळून भोगावा लागतो, आणि त्या पुढे आल्या की पोलीस व पालिका दोघेही वेगाने हलतात.

राहिला खाजगी सुरक्षारक्षकांचा प्रश्न. संस्थेचा रक्षक संस्थेच्या कुंपणाच्या आतच काम करू शकतो; सार्वजनिक भूखंडावरून कोणाला उठवण्याचा, झडती घेण्याचा किंवा अडवण्याचा अधिकार त्याला नाही, आणि बारा तास उभ्या असलेल्या त्या माणसाला टोळक्यासमोर एकटे पाठवणे अन्यायाचेही आहे. त्यासाठी ठेवलेली रक्कम भूखंडाकडे तोंड असलेल्या आपल्या भिंतीवर चांगले दिवे आणि दोन सीसीटीव्ही कॅमेरे लावण्यावर खर्च करावी. कॅमेऱ्यांचा रोख कोणाच्या घराकडे वळणार नाही, याची खात्री करून घ्यावी. रक्षकाचे काम इतकेच ठेवावे की साडेनऊला फेरी मारताना भिंतीवरचे दिवे चालू आहेत का ते पाहायचे, गरज पडल्यास 112 ला फोन करायचा आणि वहीत वेळ लिहायची.